सखीचा राब

रंगभूमीवर मी पुष्कळ वेळा मेलो. तलवारीने मेलो, विषाने मेलो, आणि एकदा आमच्या वळ गावच्या जत्रेत पडदा अडकला म्हणून मेल्यावर उठून स्वतःच्या पायांनी आत चालत गेलो. राजे, खलनायक, दारुडे बाप, सगळं करून झालं होतं. पण पंचाहत्तरी उलटल्यावर मला जी भूमिका मिळाली, तशी फार थोड्या नटांच्या वाट्याला आली असेल. मी वणवा झालो.

त्याचं असं झालं. उन्नती नावाची एक मुलगी माझ्याकडे आली. भिवंडीचीच, एका संस्थेत काम करणारी. डोंगरातल्या पाड्यांवर ती कार्यशाळा घेत असे. जंगलाला लागून ज्यांची घरं आहेत, त्यांनी वणव्यापासून घर कसं वाचवायचं, हे शिकवणाऱ्या.

"लोक येतात, काका. बसतात आणि झोपतात," ती म्हणाली. "तुम्ही याल का?"

"मी येऊन काय करू? जागं राहायचं औषध देऊ?"

"तुम्ही वणवा व्हा."

पेटीत लाल सॅटिनचा शेला होता. एका राजाच्या अंगावरचा. तो झटकला, डांबराच्या गोळ्यांचा वास उन्हात घालवला आणि निघालो.

पहिला प्रयोग ऐनपाड्यावर होता. भिवंडीहून वाड्याला जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की गोदामांचे पत्रे मागे पडतात आणि मग चढ लागतो. तो संपतो तिथे वारल्यांची वीस-पंचवीस घरं. शाळेच्या ओसरीपुढे माणसं बसली होती. उन्नतीने खूण केली आणि मी झुडपांमागून शेला फडकवत झेप घेतली. "मी वणवा! फाल्गुन माझा, चैत्र माझा! तुमचं गवत माझं, तुमचं छप्पर माझं! कोण अडवतो मला?"

पहिल्या रांगेतली एक बाई ताडकन उठली.

"मी अडवते. आदी पाय बघ, बाबा! करवंदीच्या जाळीत उभा हायेस. काटा भरला त हितंच विझशील."

अख्खा पाडा हसला. काटा खरंच भरला होता. तिने मला खाली बसवलं आणि सेफ्टी पिनेने काटा काढला. काढताना म्हणाली, "एवढा मोटा वणवा आन पायात चप्पल न्हाय."

ही सखी. त्या दिवसापासून मी त्या पाड्यावर 'वणवोबा' झालो, आणि हे नावही तिनेच ठेवलं.

पन्नाशी कधीच ओलांडलेली, अंगाने काटक, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. आमच्या काळात भेटली असती तर मी तिला नाटक मंडळात घेतलं असतं. तिचं घर पाड्याच्या वरच्या टोकाला, अगदी रानाच्या तोंडाशी. भिंतींना कारवीच्या काड्यांचा कुड, त्यावर शेणाचा सारवा, पुढच्या बाजूला कौलं आणि मागच्या पडवीवर गवत. हे घर तिने आणि तिच्या नवऱ्याने, दामूने, बांधलेलं. पण त्यात ते दोघं धड नांदलेच नाहीत. दिवाळी झाली की संसार डोक्यावर घेऊन खाली वीटभट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. अशी किती वर्षं गेली ते तिलाही आठवत नव्हतं. दामू भट्टीवरच तापाने गेला. त्याला वर आणायलाही जमलं नाही, खालीच माती दिली. सखी परत आली ती शपथ घेऊनच. आता खाली झोपायचं नाही. भूक लागली तरी डोंगरावर, मरण आलं तरी डोंगरावर.

पोरगा दर्शन मात्र खालचा झाला. भिवंडीजवळ पूर्ण्याला गोदामात नोकरी, गळ्यात ओळखपत्र, बोलण्यात निम्मी हिंदी. तिथेच त्याने खोली घेतली होती. आईने खाली यावं म्हणून तो दर सुट्टीला वर चढायचा. आदल्या वर्षी वणव्यात तिची गवताची गंजी जळाली, घर थोडक्यात वाचलं. तेव्हा माय-लेकांचं जे भांडण झालं त्याचा शेवट एका बोलीवर झाला. ती मला सखीने स्वतःच सांगितली.

"तो बोलला, आये, अजून एक वणवा. अजून एक जर घरापाशी आला त तू खाली यायचं, कायबी बोलायचं न्हाय. मी बोलले, हो. घर गेलं त येन."

"आणि घर राहिलं तर?"

"त त्यानं तोंड बंद ठेवायचं."

म्हणून ती पहिल्या रांगेत बसायची. बाकीच्यांना कार्यशाळा म्हणजे चहा, बिस्किटं आणि वणवोबाचा नाच. सखीला ती वर राहण्याची एकच वाट होती.

उन्नती सांगायची ते सोपं होतं. घराभोवती तीस फूट जमीन झाडून लख्ख ठेवा. गवताची गंजी आणि लाकूडफाटा भिंतीपासून लांब न्या. घरावर आलेल्या फांद्या छाटा. ओली गोणपाटं आणि हिरव्या फांद्यांचे झोडपे तयार ठेवा. कोणी थाळी वाजवायची, म्हाताऱ्यांना कोणी न्यायचं, कुठे जमायचं, आधीच ठरवा.

सखीने सगळं केलं. गंजी हलवली, लाकडं हलवली. कुडाला टेकलेली शेवग्याची फांदी तोडली आणि दोन दिवस हळहळली. माघ सरला आणि सागाची पानं गळू लागली, तशी ती रोज सकाळी झाडू घेऊन अंगण, परडं, मागची वाट, रानाच्या कडेपर्यंत झाडायची. पानं गळतात त्याला अंत नसतो. तिच्या झाडण्यालाही नव्हता. तिचा दीर सावळ्या, शेजारच्या घरातला, कुडाला टेकून तिची थट्टा करायचा.

"वयनी, डोंगरच झाडून टाक ना. वर पांढरा दगड हाय, तितवर जा."

"तुज्या बायकोनं घर झाडलं असतं त मला अर्दाच झाडावा लागला असता."

"माजी बायको हुशार हाय. ती बोलते, तुज्या घरानंतरच वणवा आमच्याकडं येनार. म्हंजे तू हायेस तंवर आमी बेस हाव."

मागच्या पडवीवरचं गवत काढून पत्रे टाका, असं उन्नतीने तिला सुचवलं होतं. दर्शन म्हणाला, "चढावरून पत्रे आणण्यापेक्षा तूच खाली ये ना, आये. सिंपल." विषय तिथेच राहिला.

आता राबाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच येऊन थांबणार आहे. आमच्याकडे भाताचं बी पेरण्याआधी वाफ्याची जमीन भाजतात. शेण, फांद्या, गळलेल्या पानांचा पातेरा, गवत यांचे थर लावायचे, वर माती पसरायची, आणि पावसाआधी वारा पडलेला असताना एखाद्या सकाळी पेटवायचं. हा राब. राब नीट भाजला तर रोप हिरवंगार येतं आणि तणाला डोकं वर काढता येत नाही. वारली काय, आम्ही आगरी काय, या मातीत वाढलेल्या माणसाला पानं दिसली की राब आठवतो. गळलेलं पान म्हणजे कचरा, हे आम्हाला कुणी शिकवूनही कळणार नाही.

तेव्हा सखी रोज झाडलेला तो सगळा पातेरा कुठे टाकत होती? जिथे तिची सासू टाकायची तिथेच. घराच्या मागे, पडवीलगतचा बांध ओलांडला की लागणाऱ्या वाफ्यावर. पूर्वी पाड्यातल्या प्रत्येकीला पानांसाठी रानात हिंडावं लागायचं. यंदा सखीकडे पानांचा पूर आला होता. तिचा राब पाड्यात सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत देखणा झाला.

होळीनंतर उन्नती घरं तपासायला गेली, तेव्हा मी बरोबर होतो. सखीचं अंगण बघून तिने टाळ्याच वाजवल्या. नुसत्या मातीचं, लखलखीत, शेणसडा घातलेलं. आम्ही तिघंही मागच्या बाजूला गेलो.

"आन राब?" सखीने विचारलं. "राबाचं काय, बाय?"

"राब शेतातला ना? तो शेतात राहू दे, मावशी. आपण घराचं बघतोय."

आम्ही तिघं त्या राबाकडे बघत उभे होतो. माझ्या डोळ्यांना तिथे भाताचा वाफा दिसत होता. उन्नतीचे आजोबा शेतकरी, तिलाही वाफाच दिसला. पडवीच्या गवताला जवळजवळ टेकलेला, वाळून कोळ झालेल्या पानांचा ढीग तिथे कुणालाच दिसला नाही.

चैत्रात मोसमातली शेवटची कार्यशाळा होती. ऊन डोक्यावरून कलंडत होतं आणि वारा सुटला होता. मी शाळेच्या ओसरीवर शेला खांद्यावर टाकत होतो, तेवढ्यात सावळ्या डोंगराकडे बोट दाखवत धावत आला. वरचा पांढरा दगड दिसत नव्हता. तिथे नुसता धूर होता. कुणी लावला, कसा लागला, हे अशा वेळी कधीच कळत नाही आणि नंतर विचारायची कुणाची इच्छा उरत नाही.

थाळी वाजली. आणि मी सांगतो, त्या माणसांनी कुठेही कसर ठेवली नाही. म्हाताऱ्या आणि पोरांना ठरल्याप्रमाणे शाळेपुढच्या मोकळ्या जागेत आणलं. त्यांत मीही होतो. सावळ्याच्या बायकोने मला हाताला धरून बसवलं आणि म्हणाली, "वणवोबा, आज तुमाला सुट्टी." बाकीचे ओली गोणपाटं आणि झोडपे घेऊन सखीच्या घराकडे पळाले, कारण आग तिथूनच उतरणार होती.

ती उतरली. कारवीच्या काड्या फटाफटा फुटत होत्या. मी आयुष्यभर गर्जना केल्या, पण वणव्याचा खरा आवाज गर्जनेसारखा नसतोच. कोणीतरी खूप मोठं कापड सावकाश फाडत आहे, तसा तो असतो. ज्वाळा सखीने झाडलेल्या पट्ट्यापर्यंत आल्या. तिथे त्यांना काही मिळेना. इकडे जीभ काढली, तिकडे काढली, माणसांनी झोडपली, आणि आगीची ती ओळ बुटकी होत होत मातीवर बसली.

ती विझली! ओरडा झाला तो शाळेपर्यंत आला. तिथलं पुढचं मला उन्नतीने नंतर सांगितलं. सखी काळ्याठिक्कर तोंडाने, हातात झोडपा घेऊन उभी होती. सावळ्या ओरडला, "वयनी, तुजा झाडू जितला ग!"

तेवढ्यात घराच्या मागून उन्नतीची हाक आली. "मावशी, इथे धूर!"

सगळे मागे गेले. राबाच्या एका कोपऱ्यातून धुराची रेघ निघत होती. एखादी ठिणगी उडून पडली असावी. माती टाकलेली, त्यामुळे ज्वाळ नाही, नुसतं आतून धुमसणं. तो धूर बघून त्या दमल्या-भागल्या माणसांना हसू फुटलं.

"राब लागला!" सावळ्या म्हणाला. "वयनी, वणव्यानं तुजी काडी वाचवली."

"विझवायचा नाही?" उन्नतीने विचारलं. तिच्या हातात पाण्याची कळशी होती.

"राब कोन विझवतो, बाय?" सावळ्या म्हणाला. "पेटल्या राबावर पानी टाकलं त कनसरी देवी रुसते. मंग दाना कुठून येनार?"

उन्नतीने सखीकडे पाहिलं.

"लागू दे," सखी म्हणाली. "भाजायचाच व्हता."

त्याच वेळी खालून बोंब आली. आग बाजूच्या घळीतून फिरून पाड्याच्या खालच्या टोकाला गेली होती, आणि सावळ्याच्या शेळ्या त्याच अंगाला बांधलेल्या होत्या. सगळे तिकडे धावले. सखी सगळ्यांत पुढे. उन्नतीची कळशीही तिकडेच गेली.

राब भाजतात तो सकाळी, वारा निजलेला असताना, आणि कोणीतरी फांदी घेऊन शेजारी बसलेलं असतं. हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण राब आमच्या घरचा आहे, आग परकी आहे, अशी काहीतरी आमच्या मनाची समजूत असते. घरच्या माणसाकडे पाठ करून आपण दारातल्या चोरामागे धावतो, तसंच ते झालं.

शेळ्या वाचल्या. खालची घरं वाचली. माणसं खोकत, हसत, एकमेकांची काळी तोंडं बघत वर यायला लागली आणि वाटेतच थांबली. वाऱ्याने राबावरची माती उकरली होती. पानं उघडी पडली, भडका उठला आणि पडवीचं गवत त्याने एका घासात घेतलं. कळश्या धावल्या, गोणपाटं आली, पण कारवीचा वाळका कुड कुणाचं ऐकत नाही. कौलं एकेक करून आत पडत होती. घरात बियाण्याच्या भाताची कणगी होती. ती पेटली तेव्हा सगळ्या पाड्यावर भाजक्या भाताचा खमंग वास पसरला. लहान पोरं तो वास घेऊन विचारत होती, काय शिजतंय? कोणी त्यांना गप्पही करेना.

पाड्यात एकच घर जळालं. ज्याच्याभोवतीची जमीन सगळ्यांत स्वच्छ होती, ते.

सखी रडली नाही. रात्री सावळ्याकडे निजली आणि सकाळी उठून राबाकडे गेली. राखेत हात घातला, चिमूट उचलून बोटांत चोळली.

"बेस भाजलाय," ती म्हणाली.

सावळ्या उठून दुसरीकडे निघून गेला. 'वणव्यानं तुजी काडी वाचवली', हे त्याचंच वाक्य होतं.

पाड्याने ठरवलं, घर पुन्हा उभं करायचं. तशी तिथली रीत आहे, घर एकट्याचं नसतं, सगळे मिळून बांधतात. पण घराला जे लागतं ते सगळं डोंगरावरून यायचं. मेढींना लाकूड, कुडाला कारवी, छपराचं गवत. आणि डोंगर टोकापासून पायथ्यापर्यंत काळा होता. माणसं सकाळी कोयते घेऊन गेली आणि संध्याकाळी हातांत धरता येतील इतक्याच कारव्या घेऊन परतली. त्यांतल्याही निम्म्या आतून जळलेल्या, मोडल्यावर हाताला कोळसा लागायचा. रानात कारवी पुन्हा कुडाला लागेल एवढी जाड व्हायला कितीतरी पावसाळे जावे लागतात.

दर्शन आला तेव्हा मी तिथे होतो. मला वाटलं होतं हा आता बोलेल, 'बघ, मी सांगत होतो ना.' तो जळलेल्या जोत्यावर चढला, आत गोल फिरला, चूल होती तिथे थांबला. मग खाली उतरून आईपाशी उकिडवा बसला.

"आये, चल."

"हं."

"तू बोलली व्हतीस."

"बोलले व्हते." तिने त्याच्या गुडघ्यावरची राख झटकली. "सावळ्या, माजा राब तू घे. माजं बी गेलं. तुजं बी त्याच्यात पेर."

"वयनी, तू पावसात ये ना. आपन मिळून पेरू. बी मी देतंय."

"मी येनार न्हाय."

तिने हे रागाने म्हटलं नव्हतं. रागाने म्हटलं असतं तर सावळ्याने वाद घातला असता. दर्शनच्या मोटरसायकलवर मागे बसताना तिने मला हाक मारली, "वणवोबा, चप्पल घालत जा." आणि ते दोघं उतारावरून खाली गेले.

पूर्ण्याला मी तिला भाद्रपदात भेटलो. गोदामांच्या मागे एक चाळ आहे, तिथे पहिल्या मजल्यावर खोली. खिडकीबाहेर लांबच लांब पत्र्याची भिंत, त्यावर कसलं तरी इंग्रजी नाव. दर्शन शिफ्टला निघाला होता, पाया पडून गेला. सखीने चहा केला. सखी तीच, पण आवाज बदलला होता. पलीकडच्या खोलीत ऐकू जाऊ नये अशा बेताने बोलायची.

मी उन्नतीचा निरोप आणला होता. ती पोरगी त्या दिवसानंतर बरेच दिवस कुठे गेलीच नव्हती. आता पुन्हा उभी राहिली होती आणि प्रत्येक पाड्यावर आधी राबाचं सांगत होती. राब घरापासून लांब लावा, आणि अवेळी लागला तर तो राब नव्हे, आग आहे, विझवा. तिला वाटत होतं, सखीने एकदा येऊन स्वतःच्या तोंडाने सांगावं. तिचं लोक ऐकतील.

सखीने बशीतला चहा संपवला.

"मी सांगितलं त ते ऐकतील?"

"ऐकतील. तुझ्यासारखं कोण सांगणार?"

"मीबी ऐकत व्हते ना, बाबा. पयल्या रांगेत बसून." ती खिडकीकडे बघत राहिली. "त्या पोरीला सांगा, तिची चूक न्हाय. माजी सासूबी तितंच राब लावायची. तिची सासूबी."

"मग येशील?"

"न्हाय."

मी नट माणूस. शांतता पडली की ती कशाने तरी भरायची सवय. सावळ्याचं भात कसं आलंय ते सांगू लागलो, हातभर वाढलंय, सगळ्या पाड्यात तसं रोप नव्हतं. तिने ऐकून घेतलं. चेहऱ्यावर ना सुख ना दुःख. प्रेक्षक उठून गेल्यावर रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलताना जे वाटतं ते मला वाटू लागलं, आणि मी थांबलो.

निघालो तेव्हा ती जिन्यापर्यंत आली. खाली कंटेनर मागे घेत होते, त्याच्या शिट्टीत तिचा हळू आवाज बुडत होता. म्हणून तिने माझ्या कानापाशी तोंड आणून सांगितलं.

"पाड्यावर जाल ना, त सावळ्याला सांगा. जोत्याची जागाबी फोडून घे. दगडं बांधाला लाव. तितं राख बक्कळ पडलीय. भात बेस येल."